माशांची टाकाऊ कातडी आणि कोलॅजेन

(वरळी येथील बीडीडी चाळीच्या परिसरात शिक्षक, महिला बचतगटांच्या सभासद आणि सागरी जिल्ह्यांतून आलेले पंचायत सदस्य यांच्यासमोर एका निवृत्त विज्ञान-शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



समोरच्या मेजावर बर्फाच्या डब्यात एक काचेची बरणी ठेवलेली आपणांस दिसत असेल. मी ती घेऊन आत आलो तेव्हा पुढच्या रांगेतील दोघांनी नाकाला रुमाल लावल्याचे माझ्या नजरेतून सुटले नाही. त्यांना सांगतो, तो वास माशाचा नसून व्हिनेगरचा आहे. बरणीतील दाट द्रव जिताड्याच्या कातडीपासून काढला आहे. त्याचे पुढे काय होते ते व्याख्यानाच्या शेवटी दाखवीन. तोपर्यंत बर्फ टिकला पाहिजे. बर्फ संपला तर प्रयोगही संपला, आणि आजच्या माझ्या बोलण्यातील निम्मे सार याच एका गोष्टीत आहे.

हा विषय मी हाती घेतला त्याला एक निमित्त घडले. काही महिन्यांपूर्वी एका बचतगटाच्या भगिनी एक छापील पत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांतील दोघी कोळीवाड्यात मासळी विकणाऱ्या, तर बाकीच्या चाळीत राहणाऱ्या. पत्रकात लिहिले होते की, माशाच्या फेकून दिलेल्या कातडीपासून कोलॅजेनची भुकटी तयार करणारे यंत्र विकत घ्यावे, घरच्या घरी भुकटी करावी आणि ती आम्ही चढ्या भावाने परत घेऊ. प्रत्येकीने आपल्या बचतीतून किती पैसे भरावयाचे तेही त्यात होते. सगळे पाहून मी म्हणालो, “ताई, पैसे भरू नका.” त्यावर त्यांच्यातील वयाने सर्वांत मोठ्या बाई मला म्हणाल्या, “सर, मग आम्ही कातडी फेकतच राहायची का?” त्या वेळी माझ्यापाशी नीट उत्तर नव्हते. आजचे व्याख्यान हा ते उत्तर देण्याचा प्रयत्न आहे, असे समजावे.

प्रथम कोलॅजेन म्हणजे काय ते पाहू. हा शब्द सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींतून आता घरोघरी पोहोचला असला तरी त्याचे मूळ फार साधे आहे. ग्रीक भाषेत ‘कोला’ म्हणजे सरस. सरस ज्यापासून जन्मतो ते कोलॅजेन. माझ्या लहानपणी चाळीच्या तळमजल्यावर एक सुतार राहत असत. सरसाच्या तांबूस वड्या डब्यात घालून, तो डबा उकळत्या पाण्यात ठेवून ते तासन् तास ढवळीत बसत. जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला तो सरस म्हणजे कोलॅजेनचेच मोडलेले रूप. पायाचे सूप थंड झाल्यावर थिजते, किंवा रात्रीचे माशाचे कालवण शीतकपाटात ठेवले तर सकाळी त्यावर थरथरणारा थर जमतो, तोही तोच पदार्थ. आपल्या घरातील प्रत्येक गृहिणीने कोलॅजेन पाहिले आहे. फक्त त्याला नाव दिलेले नव्हते.

प्राण्यांच्या शरीरात सर्वाधिक प्रमाणात आढळणारे प्रथिन हेच होय. कातडी, हाडे, कूर्चा, कंडरा, डोळ्यांचा पारदर्शक पडदा या सर्वांना ताण सोसण्याचे बळ त्याच्याकडून मिळते. त्याची रचना उलगडण्याचे श्रेय बव्हंशी एका भारतीय शास्त्रज्ञाकडे जाते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते. मद्रास विद्यापीठात गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कोलॅजेनचा तिपेडी आराखडा मांडला व पुढील वर्षी त्यात सुधारणा केली. क्ष-किरणांच्या अभ्यासासाठी त्यांना शुद्ध कोलॅजेनचे तंतू हवे होते. ते त्यांना जवळच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाले, आणि ते होते कांगारूच्या शेपटीच्या कंडरेचे! कातडी कमावण्याच्या विद्येसाठी स्थापन झालेली संस्था आणि जीवरेणूंची रचना शोधणारा भौतिकशास्त्रज्ञ यांची गाठ पडावी, यात नवल नाही. चामडे कमावणे म्हणजे कातडीतील कोलॅजेन कुजणार नाही अशा रीतीने पक्के करणे. धारावीतील कारागीर पिढ्यान् पिढ्या हेच करीत आले.

तिपेडी आराखडा म्हणजे काय? वेणी डोळ्यांपुढे आणा. हजाराहून अधिक ॲमिनो अम्लांची एक साखळी, अशा तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो अम्ल बसलेले असते, कारण पिळाच्या आतल्या बाजूस दुसरे काही मावतच नाही. उरलेल्या जागांपैकी बऱ्याच जागी प्रोलीन व हायड्रॉक्सिप्रोलीन असतात आणि वेणी घट्ट राहते ती त्यांच्यामुळे. हायड्रॉक्सिप्रोलीन तयार होण्यास शरीराला क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही की हिरड्यांतून रक्त येते व जुन्या जखमा उकलतात. पूर्वी लांबच्या सफरीवरील खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग तो हाच. म्हणून कोलॅजेनची महागडी भुकटी घेण्याआधी आवळा, पेरू आणि लिंबू यांच्याकडे पाहावे, असे मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सांगत असे.

थंड समुद्र, उष्ण समुद्र

या वेणीची एक नाजूक बाजू आहे. ठरावीक तापमानाच्या वर ती उलगडते आणि तिचे तीन पेड सुटे होतात. उलगडलेल्या कोलॅजेनला आपण जिलेटीन म्हणतो. एकदा मोडलेली वेणी पूर्ववत जशीच्या तशी घालता येत नाही. गाईगुरांच्या कोलॅजेनची वेणी त्यांच्या शरीराच्या उष्णतेला पुरून उरते. थंड समुद्रातील कॉड माशाची वेणी मात्र सुमारे १५ अंश सेल्सियसच्या आसपासच सैल होऊ लागते. आपल्याकडील उष्ण कटिबंधातील मासे या दोहोंच्या मधले. त्यांच्या कोलॅजेनमध्ये प्रोलीन व हायड्रॉक्सिप्रोलीन अधिक असल्यामुळे ते जातीपरत्वे ३० अंशांच्या मागेपुढे टिकते. उपयोगाच्या दृष्टीने ही आपली जमेची बाजू आहे.

परंतु मुंबईतील एप्रिल महिन्याची दुपार आठवा. पारा ३३-३४ अंशांवर गेलेला असतो. या चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. एका इमारतीत अशा ८० खोल्या आणि वरळीत मुळात इमारती १२१ होत्या. मुंबई विकास विभागाने, म्हणजे ज्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बीडीडी हे नाव पडले त्या १९२० साली स्थापन झालेल्या खात्याने, गिरणी कामगारांसाठी त्या उभारल्या. अशा एका खोलीत यंत्र ठेवून कोलॅजेन काढावयाचे म्हटले तर दुपारपर्यंत त्याचे जिलेटीन झालेले असेल. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पुनर्विकासाच्या पहिल्या टप्प्यातील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मोठे झाले याचा मला मनापासून आनंद आहे. पण रसायनशास्त्र चौरस फुटांकडे पाहत नाही, अंशांकडे पाहते.

कातडीपासून कोलॅजेनपर्यंत

कोलॅजेन काढण्याची पद्धत गुप्त नाही. ती मी क्रमाने सांगतो, कारण पत्रकात ती सांगितलेली नव्हती.

ताजी कातडी खवले व मांस खरवडून स्वच्छ करावयाची, बारीक चिरावयाची आणि यापुढे सर्व काही साधारणतः ४ अंशांवर करावयाचे. पहिली पायरी दाहक सोड्याच्या सौम्य द्रावणाची. एक लिटर पाण्यात ४ ग्रॅम सोडा आणि कातडीच्या वजनाच्या दहापट द्रावण. ते काही तासांनी बदलीत एक-दोन दिवस कातडी त्यात ठेवतात. त्यामुळे इतर प्रथिने व रंगद्रव्ये निघून जातात. नंतर पाणी निर्लेप होईपर्यंत धुणे. मासा तेलकट असेल तर ब्युटिल अल्कोहोलाने तेल काढून टाकणे. मग ॲसिटिक अम्लाचे सुमारे ३ टक्के द्रावण. यात कातडी फुगते, पारदर्शक होते आणि दोन-तीन दिवसांत तिच्यातील कोलॅजेन विरघळून द्रव दाट होतो. जे विरघळत नाही त्यासाठी पेप्सीन हे आपल्या जठरात असणारे पाचकद्रव्य वापरतात. ते वेणीच्या टोकांशी असलेली गाठ तेवढी सोडविते, वेणीला हात लावीत नाही. गाळलेल्या द्रवात मीठ घातले की कोलॅजेन तंतूंच्या रूपाने बाहेर पडते. ते वेगाने फिरणाऱ्या यंत्रात वेगळे करून पुन्हा सौम्य अम्लात विरघळवितात, पातळ पडद्याच्या पिशवीतून अपोहन करून त्यातील मीठ काढतात आणि शेवटी गोठवून निर्वातात वाळवितात. कापसासारखा पांढरा, हलका पदार्थ हाती येतो.

आता या क्रियेचा हिशेब मांडू. १०० किलो कातडीसाठी सोड्याचे द्रावण एका वेळेस १,००० लिटर लागते. ते दोन-तीनदा बदलावयाचे, वर धुण्याचे पाणी निराळे. हे क्षारयुक्त, प्रथिनांनी भरलेले पाणी जावयाचे कोठे? चाळीच्या सामाईक मोरीत की कोळीवाड्यातून थेट खाडीत? ज्या पाण्यावर मासेमारी चालते त्याच पाण्यात ते सोडले, तर आपण एका हाताने मिळवून दुसऱ्या हाताने घालविले असे होईल. शिवाय खाण्यासाठी भुकटी करावयाची तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाखालील परवाना हवा. जखमेवर वापरावयाची तर वैद्यकीय साधनांचे नियम लागू होतात. पत्रकातील यंत्राच्या चित्राखाली याविषयी एक अक्षरही नव्हते.

वापर आणि वल्गना

तरीही या पदार्थाची किंमत खोटी नाही. गुरांच्या कोलॅजेनला पर्याय हवा याची कारणे आहेत. १९८६ साली ब्रिटनमध्ये गुरांतील मेंदूचा रोग ओळखला गेला आणि गोजातीय पदार्थांविषयी जगभर धास्ती निर्माण झाली. धार्मिक कारणांनी गाय किंवा डुक्कर यांपासूनचे पदार्थ वर्ज्य मानणारा समाजही मोठा आहे. माशाच्या कोलॅजेनला हे दोन्ही अडसर बरेचसे आड येत नाहीत. अर्थात माशाची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपावयास हवे.

भाजलेल्या जखमेचे उदाहरण घ्या. आपल्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मरणोत्तर त्वचादान करणारे अजूनही थोडेच असल्याने जखम झाकण्यासाठी दुसरे आवरण शोधणे हा डॉक्टरांपुढील नित्याचा प्रश्न. ब्राझीलमधील फोर्टालेझा येथील डॉक्टरांनी निर्जंतुक केलेली तिलापिया माशाची कातडीच भाजलेल्या भागावर लावून पाहिली. ती जखमेला चिकटून राहते आणि रोजचे वेदनादायक ड्रेसिंग बदलावे लागत नाही. हीच तिलापिया आपल्या भीमेवरील उजनी जलाशयात ‘चिलापी’ या नावाने भरपूर सापडते आणि भिगवणच्या बाजारात तिचे ढीग पडतात. सोलापूर-पुण्याकडील कोणी पंचायत सदस्य आज येथे असतील तर त्यांनी या विषयाला केवळ समुद्रकाठच्या लोकांचा समजू नये.

कोचीन येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने माशाच्या आतड्यांपासून शस्त्रक्रियेचा विरघळणारा टाका आणि माशाच्या हवेच्या पिशवीतील कोलॅजेन व कोळंबीच्या कवचातील कायटोसान यांपासून दंतवैद्यकासाठी पातळ पडदा तयार करण्याचे काम केले आहे. या संस्थेचे केंद्र आपल्या शेजारी वाशीला आहे. वर्सोवा येथे १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. पत्रक छापणाऱ्याकडे जाण्यापूर्वी या दोन ठिकाणी जावयास पैसे पडत नाहीत.

हवेच्या पिशवीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका नौकेला १५७ घोळ मासे मिळाले आणि त्यांना सव्वा कोटीहून अधिक रुपये आले, ही बातमी आपण वाचली असेल. ती किंमत मांसाची नव्हती, पोटातील पिशवीची होती. ही पिशवी जवळजवळ कोलॅजेनचीच बनलेली असते. ती वाळवून मुंबई बंदरातून चीनकडे पाठविण्याचा व्यापार एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. अशाच पिशव्यांपासून केलेला पदार्थ युरोपात मद्य नितळ करण्यासाठी वापरीत. म्हणजे कोळी बांधवांना कोलॅजेनचा भाव ठाऊक नव्हता असे नाही. कातडीचा भाव ठाऊक नव्हता, एवढेच.

वल्गनांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. चेहऱ्यावर चोळण्याच्या मलमातील कोलॅजेन त्वचेत शिरून सुरकुत्या भरून काढते, हे म्हणणे मी मान्य करीत नाही. अखंड कोलॅजेनच्या रेणूचा भार सुमारे ३ लाख डाल्टन. एवढा मोठा रेणू निरोगी त्वचेतून आत जात नाही. तो वर राहून ओलावा धरतो, इतकेच. पोटात घेण्याची भुकटी ही तुकडे केलेल्या कोलॅजेनची असते व ती इतर प्रथिनांप्रमाणे पचते. तिच्यापासून काही लाभ झाल्याचे अहवाल आहेत. पण त्यांतील पुष्कळ अभ्यासांचा खर्च ती विकणाऱ्यांनीच केलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

मग त्या बाईंना काय सांगावे?

मी त्यांच्याबरोबर एका सकाळी बाजारात गेलो आणि कातडी नेमकी किती निघते ते पाहिले. अपेक्षेपेक्षा कमी निघाली. सुरमई, रावस, पापलेट आपण कातडीसकट खातो. गिऱ्हाईक सोलून मागते ते लेपा, मुशी आणि माकूळ. यांतील मुशी व पाकटाच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहेत, तेव्हा तेथे जात ओळखल्याशिवाय हात घालू नये. बाजारात खरा ढीग असतो तो खवल्यांचा. खवल्यांतही कोलॅजेन असते. मात्र त्याच्याबरोबर चुन्याचा अंश असल्यामुळे तो आधी अम्लाने काढावा लागतो. कातडीची मोठी रास पडते ती मासळीचे काप करून निर्यात करणाऱ्या आणि सुरिमी बनविणाऱ्या कारखान्यांत. रत्नागिरीकडे अशा कारखान्यांत राणी मासा, चोर बोंबील यांचे मांस घेतल्यावर उरलेले डोके, काटा, कातडी हे सारे एकत्र होऊन खाद्यासाठी कुटीत जाते. एकदा आतड्यांत मिसळलेली कातडी कोलॅजेनच्या दृष्टीने वाया गेली, कारण आतड्यांतील पाचकरस तिला लगेच खाऊ लागतात.

येथे मला आपल्या वरळीच्या दुग्धशाळेची आठवण होते. दूध हे नासणारे. ते गोठ्यातून निघाल्यावर काही तासांत थंड झाले, तपासले गेले, म्हणून त्याला दूरच्या शहरात भाव आला. खेड्यातील उत्पादकाने पाश्चरीकरणाचे यंत्र घरी आणले नाही. त्याने दूध स्वच्छ काढले व वेळेवर संकलन केंद्रावर पोहोचविले. कातडीचे तसेच आहे. सोलणारीने सोलताक्षणीच कातडी निराळ्या डब्यात टाकणे, जातवार ठेवणे, धुऊन बर्फात ठेवणे आणि घेणाऱ्याशी आधी भाव लेखी ठरविणे, एवढे काम बचतगटाच्या आवाक्यातील आहे. पुढची पायरी जेथे शीतगृह, सांडपाणी शुद्धीकरण आणि प्रयोगशाळा आहे तेथे व्हावी. बर्फ, उष्णतारोधक डबे व वाहने यांसाठी २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. येथे उपस्थित अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, बर्फाच्या पेट्यांचे अर्ज तपासताना ‘कातडी व खवले यांसाठी’ हे कारण वाचून ते हसण्यावारी नेऊ नयेत.

यातून किती पैसा मिळेल, असे त्या बाईंनी पुन्हा विचारले. मी आकडा दिला नाही. जून लागला की पावसाळी बंदीमुळे बोटी किनाऱ्याला लागतात आणि कच्चा माल जवळजवळ थांबतो. वर्षभर माल लागणारा कारखानदार या खंडाचा हिशेब भावातून कापून घेणार. हे धरून जो भाव उरेल तोच खरा. पत्रकातील भाव बारमाही धरलेला होता. त्या बाई सात वर्षांच्या असल्यापासून बाजारात बसतात. त्यांनी ते पत्रक माझ्या हातून घेतले, त्याची घडी केली आणि तिच्यात सुका जवळा बांधून मला दिला. बचतीचे पैसे बँकेतच राहिले.

आता शिक्षकांसाठी ही बरणी. जिताड्याची मूठभर कातडी सोड्याच्या द्रावणात ठेवून, पुष्कळ पाण्याने धुऊन, तीन वाट्या व्हिनेगर व एक वाटी पाणी यांत मी तीन दिवस शीतकपाटात ठेवली आणि फडक्याने गाळली. सोड्याचे काम शिक्षकांनी स्वतः हातमोजे घालून करावे, मुलांकडे देऊ नये. हा द्रव खावयाचा नाही हेही बजावून सांगावे. एक लिटर द्रवाला ५३ ग्रॅम या हिशेबाने मीठ मी या पुडीत मोजून आणले आहे. ते आता थोडे थोडे घालून ढवळतो. काही वेळाने द्रव गढूळ होईल आणि त्यात पांढरे तंतू तरंगू लागतील. त्यांतील थोडे तंतू कोमट पाण्याच्या पेल्यात टाकून पाहा. ते नाहीसे होतील. डब्यातील बर्फ बराच वितळला आहे, तेव्हा ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी आधी मेजाजवळ यावे. प्रश्न आपण नंतर घेऊ.